कोटावरची पदकं

मास्टर मदनचं एक जुनं छायाचित्र गाण्याच्या शौकिनांना माहीत असतं. मिसरूडही न फुटलेला, गोंडस चेहऱ्याचा मुलगा आणि त्याच्या कोटावर टाचलेली पदकंच पदकं. वय पाहावं तर शाळेत जायचं, छाती मात्र लढाई जिंकून आलेल्या सरदाराची.

1930 च्या दशकात बालगायकाची ओळख अशीच करून दिली जाई. मैफल रंगली की एखादा संस्थानिक किंवा शेठजी पदक जाहीर करी. पुढच्या गावी मुलगा ते लावूनच बैठकीवर बसे. ध्वनिवर्धक आणि ग्रामोफोन गावोगाव पोचत होते, तरी ज्यानं गाणं ऐकलेलंच नाही त्याला तिकीट काढायला लावायचं काम फोटोच करी.

मदनचा जन्म 28 डिसेंबर 1927 चा, जालंधरजवळच्या खानखाना गावचा. जून 1931 मध्ये, जेमतेम साडेतीन वर्षांचा असताना, सिमल्याच्या वाटेवरच्या धरमपूरला तो पहिल्यांदा लोकांपुढे गायला, आणि गायला तेही ध्रुपद! मग नभोवाणी, संस्थानिकांची बोलावणी, मैफलींमागून मैफली. 5 जून 1942 ला सिमल्यात तो गेला. पंधरावंही पुरं झालं नव्हतं. त्याच्यावर विषप्रयोग झाल्याच्या वावड्या आजही उठतात. त्यांना पुरावा नाही.

त्याच सुमारास बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली गाजत होता. तो मदनहून जवळजवळ पावणेचार वर्षांनी मोठा. थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गाणाऱ्या या पोराला एका मठाच्या स्वामींनी ‘कुमार गंधर्व’ म्हटलं आणि तेच नाव कायमचं झालं. वडील त्याला घेऊन गावोगाव जलसे करत. त्याचंही कौतुक झालं ते याच नवलाईचं: एवढासा मुलगा आणि गातो कसा बघा!

पण 1936 मध्ये तो मुंबईत ऑपेरा हाउसजवळ प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात शिकायला आला. तिथं त्याला जलशांच्या धावपळीपासून दूर, वर्षानुवर्षं शिकायला मिळालं. देवधर मास्तरांकडे निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत, गात, चर्चा करत. एकाच गायकीची सक्ती नव्हती. नक्कल करणाऱ्या गळ्याला स्वतःचा विचार फुटायला एवढा अवकाश लागतोच. कुमारांचं पुढचं सगळं गाणं त्या वर्षांचं देणं लागतं. मदनला ती वर्षं मिळाली नाहीत, आणि या दोन मुलांच्या कहाणीतला खरा फरक तोच आहे, गुणांचा नव्हे.

मदनची आठच गाणी ध्वनिमुद्रित झाली: दोन गझला, दोन ठुमऱ्या, दोन पंजाबी गीतं आणि दोन गुरबाणीतली पदं. कित्येक वर्षं त्यांतल्या सागर निझामींच्या दोन गझलाच लोकांना ठाऊक होत्या. आठही सलग ऐकायला अर्धा तास पुरतो. छायाचित्र पाहून हळहळणाऱ्यांनी तेवढा वेळ जरूर काढावा.