घाटाखालचा मठ आणि हिवाळ्यातली सावली

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नडहून चाळीसगावकडे जाताना औट्रम घाट लागतो. वर कन्नड तालुका, खाली चाळीसगाव तालुका आणि दोहोंत पसरलेले गौताळ्याचे जंगल. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर, याच डोंगराच्या पायथ्याशी, पाटणादेवी आहे. या भागातल्या शाळांच्या सहली तिथे जातात. मुले देऊळ पाहतात, डबे खातात आणि परत येतात. आठशे वर्षांपूर्वी या पाटणला गणित शिकवण्यासाठी एक मठ होता, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

मठाची हकीकत एका शिलालेखामुळे कळते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो पाटणच्या पडक्या देवळात पाहिला आणि १८६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. लेख इ. स. १२०७ मधला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचा 'सिद्धांतशिरोमणी' आणि घराण्यातले इतर ग्रंथ यांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्याने मठ काढला. यादवांचा मांडलिक, निकुंभ घराण्यातला सोइदेव याने मठाला देणगी दिली. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला मिळायचा, शिवाय तेलाच्या दर घाण्यामागे पळीभर तेल. गंमत अशी की लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण हे देण्याघेण्याचे कलम मराठीत आहे. तेल्याला संस्कृत श्लोक कळला नसता तरी चालण्यासारखे होते. पळीचा हिशेब कळायलाच हवा होता!

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, ग्रंथ ११५० चा. त्यांचे विज्जडविड हे गाव नेमके कोणते याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मठ मात्र पाटणला होता, हे दगडावरच कोरलेले आहे.

अशा मठात काय शिकवत असतील? ग्रंथ आपल्यापुढे आहेत, त्यामुळे अंदाज बांधता येतो. 'लीलावती'त सावलीच्या गणितांचे एक वेगळे प्रकरणच आहे. त्यातल्या एका गणितातले आकडे घेऊ. दिवा जमिनीपासून साडेतीन हात उंच आहे. दिव्याच्या तळापासून तीन हातांवर बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, ठेवली आहे. सावली किती? चोवीस अंगुळांचा एक हात, म्हणून शंकू अर्धा हात. दिवा शंकूच्या टोकापेक्षा तीन हात वर आणि अंतरही तीन हात. म्हणून सावली शंकूइतकीच, बारा अंगुळे. हात ४५ सेंटिमीटरचा धरला तर काठी साडेबावीस सेंटिमीटरची होते, आणि वर्ग अंधारा करून टॉर्चवर हा प्रयोग सहज होतो. आधी उत्तर काढायला लावावे, मग टॉर्च लावावा.

आता दिव्याच्या जागी सूर्य घ्या. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात कन्नडला दुपारी जवळजवळ हेच चित्र दिसते. कन्नडचे अक्षांश सुमारे २०° १६′. २२ डिसेंबरला मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांच्या थोडा वर असतो, त्यामुळे बारा अंगुळांच्या शंकूची सावली साधारण साडेअकरा अंगुळे पडते. अंगूळ म्हणजे बोटाची रुंदी. प्रत्येक मुलाने आपल्याच बोटांनी बारा अंगुळांची काठी करावी. काठ्या लहानमोठ्या होतील, पण सावली आपापल्या बोटांनी मोजली की सर्वांचे उत्तर जवळपास एकच येते. गुणोत्तर म्हणजे काय हे सांगायला याहून सोपे साधन मला तरी ठाऊक नाही.

मध्यान्ह घड्याळात पाहू नये. आपले घड्याळ ८२½° रेखांशाचे, कन्नड ७५° च्या आसपास. त्यामुळे २२ डिसेंबरला तिथे सूर्य माथ्याच्या रेषेवर सुमारे १२ वाजून २८ मिनिटांनी येतो आणि १४ जानेवारीला १२ वाजून ३९ मिनिटांनी. त्याऐवजी काठीभोवती एक वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळात शिरते आणि दुपारी बाहेर पडते. ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, आणि तिला काठीच्या तळातून काढलेला लंब ही मध्यान्हरेषा. ही रीत शुल्बसूत्रांच्या काळापासून चालत आली आहे.

खरी अडचण पुढे येते. संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो असे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि वर्गातही तसेच सांगून जातो. काठी वेगळे सांगते. १२० सेंटिमीटरची काठी घेतली तर २२ डिसेंबरची सावली ११५ सेंटिमीटरच्या आसपास आणि १४ जानेवारीची १०७ च्या आसपास भरते. म्हणजे संक्रांतीपर्यंत सूर्य वळून तीन आठवड्यांहून अधिक काळ झालेला असतो. मुलाने वहीत हे आकडे आणून दाखवले तर शिक्षकाने काय करावे? काठीवर विश्वास ठेवावा. संक्रांत सूर्याच्या ताऱ्यांमधल्या जागेवरून ठरते, वळण मात्र पृथ्वीच्या कललेल्या आसावरून, आणि तो आस हळूहळू फिरतो: सुमारे ७२ वर्षांत एक अंश. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही दिवस एकत्र येत होते. भास्कराचार्यांच्या काळी त्यांत अकरा-बारा दिवसांचे अंतर पडले होते. त्यांना अयनचलन ठाऊक होते आणि ते त्याचा हिशेब धरत.

वळणाचा दिवस थेट मोजून मात्र सापडत नाही, कारण त्या आठवड्यात सावली जवळजवळ हलतच नाही. इथे वर्तुळाचीच युक्ती वापरावी. २९ नोव्हेंबरच्या सुमारास जी सावली पडते, तीच पुन्हा १४ जानेवारीच्या सुमारास पडते. या दोन तारखांच्या बरोबर मधला दिवस काढायला सांगा. ४६ दिवसांचे अर्धे २३, म्हणजे २२ डिसेंबर.

जाणत्या मुलांसाठी याच सावलीचे आणखी एक गणित आहे. २१ मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र समान असताना, बारा अंगुळांच्या शंकूची मध्यान्हीची सावली मोजतात. तिला पलभा म्हणतात. कन्नडची पलभा सुमारे ४.४ अंगुळे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या 'ग्रहलाघवा'त तिच्यावरून दिनमान काढायची रीत दिली आहे: पलभेला १०, ८ आणि १०/३ यांनी गुणायचे. येतात ४४, ३५ आणि १५ पळे. सप्टेंबरच्या अखेरीपासूनच्या तीन महिन्यांत अर्धा दिवस अनुक्रमे इतका लहान होतो. पहिल्या महिन्यात झपाट्याने, शेवटी अगदी थोडा. डिसेंबरात सावली का हलत नाही याचे उत्तरही इथेच आहे. तिन्हींची बेरीज ९४, दिवसाच्या दोन्ही अर्ध्यांची मिळून १८८ पळे. एक पळ २४ सेकंदांचे, म्हणजे सव्वा तास. तेव्हा कन्नडचा सर्वांत लहान दिवस १० तास ४५ मिनिटांचा.

पंचांगातल्या सूर्योदय-सूर्यास्ताशी हे ताडून पाहिले तर तिथे सुमारे १० तास ५४ मिनिटे सापडतील. जास्तीच्या मिनिटांतली बहुतेक हवेमुळे आणि सूर्यबिंबाच्या आकारामुळे आलेली आहेत. क्षितिजाखाली असलेला सूर्य वातावरणातून किरण वाकल्यामुळे वर आल्यासारखा दिसतो, आणि उदय आपण बिंबाच्या वरच्या कडेपासून मोजतो. उरलेले एखादे मिनिट त्या सोप्या गुणकांचे.