विश्रांति कीं हालचाल?

श्रोतेहो, शाळेच्या पायरीवरून घसरून एकदां माझ्या उजव्या मनगटाचें हाड मोडलें. प्लास्टर निघालें तेव्हां हाड सांधलें होतें. पण हातांत खडू धरवेना. बोटें हलवीत राहा, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. मीं भीतीनें तें टाळलें. त्याचें फळ अजून भोगतों आहें. मोडलेल्या अवयवाला विश्रांति द्यावी कीं हालचाल, हा प्रश्न मात्र माझ्या मनगटाहून पुष्कळ जुना आहे.

लिव्हरपूलचे डॉ. ह्यू ओवेन टॉमस (१८३४–१८९१) हे वेल्समधील हाडवैद्यांच्या घराण्यांतले. दुखऱ्या सांध्याला अखंड व दीर्घ विश्रांति हवी, हा त्यांचा सिद्धान्त. पाय ताणून स्थिर ठेवणारी त्यांची लोखंडी चौकट आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. उलट पॅरिसचे शस्त्रवैद्य ल्यूका-शांपिओन्येर (१८४३–१९१३) म्हणत कीं, अस्थिभंगानंतर लवकरच मर्दन व सौम्य हालचाल सुरू करावी. नाहींतर हाड जुळतें आणि सांधा आखडतो.

मर्दन-व्यायामाला शास्त्रीय शिस्त लावण्याचा उद्योग स्वीडनमध्यें आधींच झाला होता. पेर हेन्रिक लिंग यांनीं १८१३ सालीं स्टॉकहोम येथें त्यासाठीं संस्था काढली. पुढें मर्दनाच्या नांवाखालीं लंडनमध्यें गैरप्रकार चालूं लागले, तेव्हां १८९४ त चार परिचारिकांनीं प्रशिक्षित मर्दनकर्त्रींचा संघ स्थापिला. त्यालाच १९२० त राजसनद मिळाली.

या वादाचा मेळ पहिल्या महायुद्धानें घातला. टॉमसांच्या पत्नीचे भाचे व त्यांचेच शिष्य सर रॉबर्ट जोन्स यांनीं मांडीचें हाड मोडलेल्या सैनिकांसाठीं गुरूची चौकट पुढें आणली व पुष्कळांचे प्राण वांचले. त्याच जोन्स यांच्या प्रेरणेनें लंडनच्या शेफर्ड्स बुश रुग्णालयांत जखमी सैनिकांना मर्दन, व्यायाम व कारखान्यांतील हातकाम देऊन पुन्हां उभें करण्यांत आलें. हाडाला विश्रांति व सांध्याला हालचाल, दोन्ही आपापल्या वेळीं हवीं, हें त्यांतून सिद्ध झालें.

आपल्या मुंबईंतही, पोलिओनें पंगु झालेल्या मुलांची निकड ओळखून, १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें या विद्येचें शिक्षण सुरू झालें.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या घरीं कोणाचें प्लास्टर निघेल तेव्हां उपचार संपला असें मानूं नका. जाणत्याच्या देखरेखीखालीं थोडें दुखलें तरी चालेल. आखडलेला सांधा मात्र, हें मी अनुभवानें सांगतों, माणसाची भीड धरीत नाहीं.