मळसूत्री सममिती : पर्यायांची पारख

मळसूत्री सममिती : एकाच प्रकारची प्रथिन-एकके अक्षाभोवती ठरावीक अंशांनी वळत आणि ठरावीक अंतराने वर चढत रचली गेली, की तयार होणारी नियमित रचना. लगतच्या दोन एककांमधले वळण म्हणजे पीळ, उंचीतला फरक म्हणजे चढ. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा ही वस्तूची सपाट छाया असते. पण मळसूत्री तंतूत तेच एकक अनेक कोनांतून दिसत असल्याने एका तंतूच्या छायेवरूनही त्रिमित आकार उभा करता येतो. डीरोझिए आणि क्लुग यांनी 1968 मध्ये टी-4 विषाणूच्या शेपटीवर हे करून दाखवले. अडचण अशी, की विभेदनक्षमता कमी असेल तर एकच छाया पीळ आणि चढ यांच्या अनेक जोड्यांशी जुळते. त्यांतली खरी कोणती, हे उभारलेल्या आकाराच्या देखणेपणावरून ठरत नाही. जी गोष्ट आपण गणितात आधी घातलेली नाही, तिच्या साक्षीनेच ते ठरवावे लागते.

याचे महाराष्ट्राला जवळचे उदाहरण चांदीपुरा विषाणूच्या कुळातले आहे. हा विषाणू 1965 मध्ये नागपूर भागातील चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, तो ओळखला. बंदुकीच्या गोळीसारख्या त्याच्या कवचात आरएनए आणि त्याला धरून ठेवणारे एन-प्रथिन मळसूत्री गुंडाळलेले असते. त्याच्याच प्रजातीतील, गुरांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूची रचना 2010 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मधल्या दंडगोल भागात एका वेढ्याला 37.5 एकके आढळली. म्हणजे पीळ 9.6 अंश. एकके 37 असती तर पीळ 9.73 अंश झाला असता, 38 असती तर 9.47. फरक अंशाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. परिणाम मात्र मोठा. अर्ध्या एककामुळे वरच्या वेढ्यातले एकक खालच्या दोहोंच्या सांध्यावर येते, वीटकामात येते तसे. पूर्णांक धरला तर एकके एकावर एक सरळ रचली जातात आणि शेजारच्या वेढ्यांतील प्रथिनांचे परस्परसंबंधच बदलतात. इथे बाहेरची साक्ष उपलब्ध होती. प्रत्येक एन-प्रथिन आरएनएचे 9 न्यूक्लिओटाइड धरते, हे 2006 च्या स्फटिकरचनेतून कळले होते. या विषाणूच्या आरएनएतील 11,161 न्यूक्लिओटाइडांना 9 ने भागले तर सुमारे 1,240 एकके येतात, आणि 1985 मध्ये विषाणूच्या वस्तुमानावरून काढलेला आकडा 1,258 होता. या मोजणीने 37 आणि 38 यांतला निवाडा होत नाही, हे मान्य करायला हवे. पण एकूण एककांना वेढ्यांच्या संख्येने भागले, की वेढ्यातली एकके निम्मी किंवा दुप्पट मानणारे पर्याय टिकत नाहीत. जवळच्या पर्यायांसाठी स्फटिकातले प्रथिन उभारलेल्या आकारात नीट बसते का, हे पाहावे लागते.

यावर म्हणता येईल, की प्रतिमांचे दोन गट करून दोन स्वतंत्र आकार काढावेत आणि ते जुळले की सममिती खरी मानावी. पण दोन्ही गटांवर एकच चुकीची सममिती लादली असेल, तर दोघांत चूकही एकच उमटते आणि ते जुळतातच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : 2000 मध्ये एगलमन यांनी मांडलेली पुनरावृत्ती-पद्धत पीळ आणि चढ स्वतःच सुधारत नेते, मग चूक टिकेल कशी? टिकते, कारण ही सुधारणा सुरुवातीच्या अंदाजाच्या आसपासच होते. अंदाज दूरचा असेल तर पद्धत जवळच्या चुकीच्या उत्तरावर स्थिरावते. आता 3 अँगस्ट्रॉमपर्यंत तपशील दिसतो, म्हणून प्रश्न मिटला, असेही म्हणतात. प्रथिनातील अमिनो आम्लांच्या पार्श्वसाखळ्या दिसू लागल्या की तो बहुतांशी मिटतो, हे खरे. मात्र वाकणारे, कमीजास्त जाडीचे तंतू त्या टप्प्यापर्यंत सहजी पोहोचत नाहीत.

अशी चूक प्रत्यक्षात घडलीही. 2014 मध्ये मॅव्हस या प्रतिकार-प्रथिनाच्या तंतूला एका गटाने अक्षाभोवती त्रिगुण सममिती दिली. त्याच वर्षी दुसऱ्या गटाच्या रचनेत एकच धागा, 101.1 अंशांचा डावा पीळ आणि 5.1 अँगस्ट्रॉम चढ होता. पहिल्या गटाने मूळ प्रतिमा खुल्या केल्या होत्या, म्हणूनच एगलमन यांना त्याच प्रतिमांवरून त्रिगुण सममिती चुकीची असल्याचे दाखवता आले. 2015 मध्ये त्या गटाने आपल्या लेखाची दुरुस्ती प्रसिद्ध केली.