पंचवीस मतांचं राज्य

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वर्ष आलं की बातम्यांमध्ये 'प्रायमरी' हा शब्द सारखा कानावर येतो. आज या राज्यात मतदान, पुढच्या मंगळवारी त्या राज्यात, अमका आघाडीवर, तमक्याची माघार.. आपल्याला हे सगळं जरा नवलाचं वाटतं. आपल्याकडे तिकीट 'वरून' येतं. दिल्लीत बैठका होतात, रात्री उशिरा यादी येते, सकाळी नाराज मंडळी बंडखोरीचा अर्ज भरतात. तिकडे मात्र पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे साधे मतदार ठरवतात.

म्हणजे आता ठरवतात. १९६० साली तसं नव्हतं. तेव्हा जेमतेम १६ राज्यांत प्रायमरी व्हायच्या. बाकी राज्यांतले प्रतिनिधी कोण आणि ते अधिवेशनात कोणाच्या पारड्यात पडणार, हे त्या त्या राज्याचे गव्हर्नर आणि शहराशहरांतले पक्षाचे दादा लोक ठरवायचे. प्रायमरी न लढवताही उमेदवारी मिळू शकत होती. लिंडन जॉन्सनने १९६० मध्ये एकही प्रायमरी लढवली नाही. सिनेटमध्ये बसून कामं करत राहायचं, बाकीचे एकमेकांत भांडून दमले की आपला नंबर, असा त्याचा सरळ हिशोब होता.

मग जॉन केनेडी कशाला राज्याराज्यांत हिंडत होता? कारण त्याची अडचण वेगळी होती. वय ४२, बाप गडगंज श्रीमंत, आणि सगळ्यात मोठं म्हणजे धर्माने कॅथलिक. तोपर्यंत अमेरिकेत एकही कॅथलिक अध्यक्ष झाला नव्हता. १९२८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने अल स्मिथ हा कॅथलिक उमेदवार दिला होता आणि तो सपाटून हरला होता. व्हाइट हाउसमध्ये कॅथलिक माणूस बसला की हुकूम पोपचा चालणार, ही भीती तेव्हा खरोखर होती. पक्षातल्या दादा लोकांनाही केनेडी आवडत नव्हता अशातला भाग नाही. त्यातले बरेच स्वतः कॅथलिक होते! त्यांचा प्रश्न एकच होता: प्रॉटेस्टंट लोक तुला मत देतील का?

आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात. क्लायंटला प्रेझेंटेशनमध्ये कितीही सांगा, तो म्हणणार, चालवून दाखवा.

पहिला डेमो ५ एप्रिलला विस्कॉन्सिनमध्ये झाला. समोर होता शेजारच्या मिनेसोटाचा सिनेटर ह्युबर्ट हम्फ्री. केनेडी जिंकला, ५६ विरुद्ध ४४ टक्के. पण आकडे उलगडून बघितल्यावर लोकांनी नाक मुरडलं. राज्यातल्या १० मतदारसंघांपैकी त्याला ६ मिळाले, आणि त्याचा जोर प्रामुख्याने कॅथलिक वस्तीच्या भागांत होता. म्हणजे जिंकूनही मूळ प्रश्न जागच्या जागी राहिला. पुढची परीक्षा १० मे, वेस्ट व्हर्जिनिया.

वेस्ट व्हर्जिनिया हे डोंगराळ, कोळशाच्या खाणींचं राज्य. लोकसंख्या तेव्हा साधारण साडेअठरा लाख, त्यातले सुमारे ९५ टक्के प्रॉटेस्टंट. खाणींत यंत्रं आली आणि दहाएक वर्षांत निम्म्याहून जास्त कामं गेली. गावंच्या गावं सरकारी शिधावाटपावर जगत होती. अधिवेशनात या राज्याची मतं किती? २५. उमेदवारीला लागत होती ७६१. त्यात प्रायमरीचा निकाल प्रतिनिधींवर बंधनकारकही नव्हता. कागदावर बघितलं तर या निवडणुकीला फारसा अर्थच नव्हता.

आता गंमत बघा. लुई हॅरिस हा केनेडीचा पोलवाला. डिसेंबर १९५९ मध्ये त्याने या राज्यात पाहणी केली तेव्हा केनेडी ७० विरुद्ध ३० असा पुढे होता. त्याच भरवशावर केनेडीने इथे उडी घेतली. विस्कॉन्सिननंतर पुन्हा पाहणी केली तर आकडे ६० विरुद्ध ४०, पण उलटे! मधल्या काळात काय बदललं? केनेडीच्या माणसांना तिथल्या कार्यकर्त्यांनी सरळ सांगितलं, डिसेंबरमध्ये इथे कोणालाच ठाऊक नव्हतं की हा कॅथलिक आहे. आता ठाऊक झालंय.

बाकी सगळं तेच आणि एकच गोष्ट बदललेली. प्रयोगशाळेतही इतकं स्वच्छ उत्तर मिळत नाही.

सल्लागारांचं म्हणणं होतं की धर्माचा विषय काढूच नका. केनेडीने नेमका तोच काढला. सभांमधून तो सांगायला लागला की मी नौदलात भरती झालो तेव्हा कोणी माझा धर्म विचारला नव्हता. युद्धात मारल्या गेलेल्या माझ्या थोरल्या भावालाही शेवटच्या उड्डाणाआधी कोणी विचारला नव्हता. मतदानाआधीच्या रविवारी टीव्हीवर त्याने सांगितलं की अध्यक्ष बायबलवर हात ठेवून राज्यघटनेची शपथ घेतो, ती मोडली तर तो देवाशीही द्रोह ठरेल. देव मानणाऱ्या माणसांना देवाच्याच भाषेत उत्तर. आणि प्रश्न असा उलटवला की मत नाकारणाऱ्यालाच 'आपण संकुचित तर नाही ना' असं वाटावं. हम्फ्री बिचारा काय करणार? तो आयुष्यभर भेदभावाविरुद्ध लढलेला माणूस, आणि आता त्याला दिलेलं मत म्हणजे भेदभावाचं मत ठरायला लागलं.

ही झाली उजळ बाजू. दुसरीही आहे.

वेस्ट व्हर्जिनियात 'स्लेट' नावाचा प्रकार होता. काउंटीतला प्रत्येक गट आपल्या उमेदवारांची यादी छापायचा. शेरीफपासून अध्यक्षापर्यंत कोणाला मत द्यायचं ते त्यात. यादीत नाव घालायचं तर गटाच्या 'खर्चाला' हातभार लावायचा. गाड्या, पेट्रोल, बूथवरची पोरं वगैरे. आपल्याकडे ज्याला लक्ष्मीदर्शन म्हणतात त्याचीच ही चुलत बहीण. लोगन काउंटीतल्या एका स्थानिक पुढाऱ्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलंय की किती लागतील असं केनेडीच्या माणसांनी विचारल्यावर तो '३५' म्हणाला. त्याच्या मनात होते ३,५०० डॉलर. हातात पडले ३५,०००!

हम्फ्रीकडे काय होतं? एक बस. केनेडी घरच्या विमानातून उडत होता. पत्रकार थिओडोर व्हाइटच्या हिशोबाप्रमाणे हम्फ्रीचा या राज्यातला सगळा खर्च २५,००० डॉलर, आणि केनेडीचा नुसत्या टीव्हीवरचा ३४,०००. हम्फ्री स्वतःच म्हणायचा की साखळी दुकानांशी लढणाऱ्या एकट्या दुकानदारासारखी माझी गत झालीय. शेवटी शेवटी टीव्हीच्या अर्ध्या तासासाठी ७५० डॉलर रोख भरायचे होते, ते त्याने घरच्या चेकबुकातून भरले. त्या कार्यक्रमात प्रेक्षकांचे फोन न गाळता घेतले जात होते. एका म्हातारीने फोन करून त्याला राज्यातून चालतं व्हायला सांगितलं.

आणि एक घाव पट्टीखालचा. जुन्या अध्यक्ष रूझवेल्टना या खाणकामगारांच्या घरांत देवासारखं मानत. त्यांचा मुलगा फ्रँकलिन रूझवेल्ट ज्युनियर केनेडीसाठी प्रचार करत होता. त्याने जाहीरपणे सुचवलं की हम्फ्री दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवा टाळत होता. प्रत्यक्षात हम्फ्रीने भरती होण्याचा प्रयत्न केला होता, तब्येतीमुळे त्याला घेतलं नव्हतं. रूझवेल्टने पुढे खेद व्यक्त केला. पण ते निवडणूक झाल्यावर.

निकाल लागला. केनेडीला सुमारे २ लाख ३६ हजार, हम्फ्रीला १ लाख ५२ हजार. म्हणजे जवळजवळ ६१ टक्के. हम्फ्रीने त्याच रात्री माघार घेतली. पैशाबद्दल चौकशा झाल्या, पण निकालाला धक्का लागेल असं काही हाती लागलं नाही.

मग पैसा जिंकला की भाषण? मला वाटतं पैशाने यादीत नाव येतं, बूथवर पोरं उभी राहतात. पण महिन्याभरात ४० टक्क्यांचे ६१ टक्के नुसत्या पाकिटांनी होत नाहीत, आणि पाकिटं हम्फ्रीनेही थोडीफार वाटलीच होती. लोकांनी एका माणसाला समोर उभं राहून बोलताना पाहिलं आणि आपलं मत बदललं, हेही खरंच आहे. फक्त त्या माणसाला चारचारदा समोर येणं परवडत होतं, हम्फ्रीला नव्हतं.

जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात केनेडीला पहिल्याच फेरीत ८०६ मतं पडली. वेस्ट व्हर्जिनियाच्या २५ पैकी किती? १५. पण ती महत्त्वाची नव्हतीच. बाकीच्या दादा लोकांना डेमो पटला होता. आणि यातली खरी मेख अशी की विस्कॉन्सिननंतर हम्फ्री घरी गेला असता, तर केनेडी इथे बिनविरोध जिंकला असता आणि काहीच सिद्ध झालं नसतं. हरणारा उभा राहिला म्हणून जिंकणाऱ्याला किंमत आली.

वेस्ट व्हर्जिनियाला काय मिळालं? शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी, २१ जानेवारी १९६१ ला, केनेडीने पहिला कार्यकारी आदेश काढला तो गरिबांचा शिधा वाढवण्याचा. त्याच मे महिन्यात फूड स्टॅम्पचा, म्हणजे अन्नाच्या कूपनांचा, पथदर्शी प्रयोग सुरू झाला तो याच राज्यातल्या मॅकडॉवेल काउंटीत. मत मागायला येणाऱ्याला चुलीपर्यंत यावं लागलं, त्याने ती पाहिली, आणि विसरला नाही. प्रायमरीच्या बाजूने मला याहून चांगला मुद्दा सापडत नाही.

हम्फ्रीची गोष्ट इथे संपत नाही. १९६८ मध्ये तो एकही प्रायमरी न लढवता, त्याच दादा लोकांच्या जोरावर उमेदवार झाला. त्या वर्षी शिकागोत अधिवेशनाबाहेर पोलिसांनी तरुणांना बेदम मारलेलं जगाने टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर पक्षाने नियम बदलले, प्रायमरीची संख्या वाढली, निकालांना वजन आलं. १९७२ मध्ये हम्फ्री पुन्हा उतरला. सगळ्या प्रायमरींची मतं एकत्र केली तर तो किंचित पुढेच होता, पण उमेदवारी मिळाली ती नवे नियम लिहिणाऱ्या समितीचा अध्यक्ष असलेल्या जॉर्ज मॅकगव्हर्नला. नियम ज्याला पाठ, त्याचा खेळ.

आणि मग येतो १३ मे २००८. तेच राज्य, तोच पक्ष, तसाच प्रश्न, फक्त धर्माच्या जागी वर्ण. हिलरी क्लिंटनने वेस्ट व्हर्जिनियात बराक ओबामाला ६७ विरुद्ध २६ टक्क्यांनी हरवलं. केनेडीपेक्षा कितीतरी मोठा विजय. गोऱ्या कामगारांची मतं मीच आणू शकते, हा तिचा युक्तिवादही १९६० च्याच जातीचा होता. परिणाम? शून्य. प्रतिनिधींच्या बेरजेत ओबामा इतका पुढे गेला होता की या निकालाने काही फरक पडणार नव्हता.

१९६० मध्ये या राज्याचं मत कोणावरही बंधनकारक नव्हतं, आणि त्याने अध्यक्ष घडवला. २००८ मध्ये ते बंधनकारक होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून विसरलं गेलं. पहिली पद्धत चांगली होती असं मी अजिबात म्हणत नाही. बंद खोलीतल्या चार जणांना पटवण्यासाठी लाखो लोकांनी डेमोचे प्रेक्षक व्हायचं, ही काही लोकशाही नव्हे. पण मताला कायद्याने किंमत दिली की ती वापरतानाही मिळेलच, असं नाही. रांगेत तुमचा नंबर कितवा, यावरही बरंच काही ठरतं.