गाण्याला पदवी मिळाली तेव्हा

मुंबईच्या उपनगरांत मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरीवली अशा कोणत्याही स्टेशनाबाहेर पडा, दोनचार गल्ल्यांत गायनवर्गाची एखादी पाटी दिसतेच. बाहेर बाकावर बसलेल्या आयांचा एक ठरलेला प्रश्न असतो: मुलीला पदवीला गाणेच घेऊ द्यावे का, आणि त्याने ती गायिका होईल का? तुमच्या गावच्या शाळेतही हा प्रश्न मास्तरांना कोणी विचारला असेल. त्याचे उत्तर द्यायचे तर जरा मागे गेले पाहिजे.

पूर्वी गाणे शिकायचे ते गुरूच्या घरी राहून. पाणी भरावे, बाजारहाट करावा, आणि बुवांची मर्जी लागली तर एखादी चीज पदरात पडावी! विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाण्याला वर्ग आला, वेळापत्रक आले, परीक्षा आली. इकडे मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. त्यांनी गावोगाव फिरून घराण्यांच्या चिजा जमवल्या, स्वरलिपीत छापल्या आणि संगीताचे शास्त्र मराठीत लिहिले. त्यांच्याच खटपटीने १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले.

आता अण्णासाहेब रातंजनकरांकडे पाहा. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर मुंबई विद्यापीठाचे बी.ए., भातखंड्यांचे पट्टशिष्य. पण गुरूने त्यांना नुसत्या पुस्तकावर ठेवले नाही. बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडे तालमीसाठी धाडले. म्हणजे शास्त्र एकीकडे, गळा दुसरीकडे, आणि शिष्य एकच. पुढे लखनौच्या कॉलेजचे ते प्राचार्य झाले, आणि १९५६ साली स्थापन झालेल्या खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू. त्यांच्या हाताखालून सुमती मुटाटकर निघाल्या, चिदानंद नगरकर निघाले, दिनकर कायकिणी निघाले. कृष्णराव गिंडे तर पुढे शीवच्या वल्लभ संगीतालयात वर्षानुवर्षे शिकवीत राहिले.

या साऱ्याची किंमत मात्र मोठी होती. हजेरीपत्रक, अभ्यासक्रम, सरकारी पत्रव्यवहार यांत अण्णासाहेबांची उमेदीची वर्षे गेली. मैफलीचा गवई म्हणून त्यांचे जेवढे नाव व्हायला हवे होते तेवढे झाले नाही, असे मला वाटते. शिष्य मोठे झाले, गुरूची मैफल राहून गेली.

एव्हाना संस्थाने विलीन झाली होती आणि दरबारी आश्रय संपला होता. गवयाने पोट भरायचे कशावर? एक शिकवण्यावर, दुसरे रेडिओवर. १९५२ नंतर आकाशवाणीने कलावंतांची चाचणी घेऊन श्रेणी ठरवायला घेतली. चाचणी-मंडळावर रातंजनकर होते. आयुष्यभर गायलेल्या नामवंतांना ही परीक्षा भलतीच झोंबली, विरोधही झाला. गाणाऱ्याला रागाचे शास्त्र सांगता आलेच पाहिजे का, हा त्यातला खरा वाद. मला विचाराल तर दोन्ही बाजूंना थोडे थोडे सत्य होते.

या वादाला सरळ उत्तर सापडते ते डॉ. प्रभा अत्रे यांच्याकडे. जन्म १९३२ चा, पुण्याचा. कॉलेजात त्यांनी गाणे घेतलेच नाही. पदव्या घेतल्या विज्ञानाच्या आणि कायद्याच्या. गाणे शिकल्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे, समोर बसून. ख्यालात सरगम फार घेतलेली जुन्या जाणकारांना रुचत नसे. प्रभाताईंनी ती सोडली नाही. उलट सरगमवरच प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. जे गळ्यातून येत होते ते का येते, कुठे शोभते आणि कुठे शोभत नाही, हे त्यांनी मांडून दाखवले. विद्येने गायिकेला हे बळ दिले. गळा दिला तो गुरूंनी आणि रियाजाने.

पुढे १९७९ ते १९९२ पर्यंत त्या मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. सकाळी वर्ग, रात्री मैफल. तिथे आलेल्या मुलींना शिक्षिकाच रंगमंचावरची गायिका होती. हा योग अण्णासाहेबांच्या काळी दुर्मीळ होता. निवृत्तीनंतरही ताई गात राहिल्या. १३ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा त्या ९१ वर्षांच्या होत्या, आणि मैफली अजून थांबल्या नव्हत्या.