शास्त्रज्ञ आणि त्याचे पद : वैज्ञानिक सेवांच्या इतिहासातील एक प्रश्न

संस्कृत व्याकरणाचा एक प्राथमिक नियम असा, की प्रातिपदिक कितीही अर्थपूर्ण असले तरी त्यास विभक्तिप्रत्यय लागून त्याचे 'पद' झाल्यावाचून वाक्यात त्याचा प्रयोग करता येत नाही. मराठीत हाच 'पद' शब्द नोकरीतील अधिकाराची जागा या अर्थी रूढ आहे. दोन अर्थांचा हा योग निव्वळ भाषिक होय, त्यावरून काही सिद्ध होत नाही; तथापि भारतातील वैज्ञानिक संशोधनाचा इतिहास वाचीत असता प्रस्तुत लेखकास या नियमाची वारंवार आठवण झाली. संशोधनापुढील अडचणींची चर्चा निघाली, की द्रव्याचा अभाव, उपकरणांची उणीव आणि ग्रंथालयांचे दारिद्र्य यांचा उल्लेख करण्याचा प्रघात आहे. त्या अडचणी खऱ्याच होत. परंतु आपल्या आद्य शास्त्रज्ञांची चरित्रे पाहू गेल्यास त्यांच्या वाटेत सर्वांआधी पदाचा प्रश्न उभा राहिलेला दिसतो. आणि ही पदांची व्यवस्था राज्यकारभाराच्या सोयीने घडलेली होती.

जगदीशचंद्र बोस यांची हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. केंब्रिज व लंडन येथील पदव्या घेऊन ते इ. स. १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. भारतीय प्राध्यापकास युरोपीय सहकाऱ्याच्या दोनतृतीयांश वेतन देण्याची रीत होती. त्यात बोस यांची नेमणूक स्थानापन्न स्वरूपाची असल्यामुळे त्याचेही अर्धे, म्हणजे एकतृतीयांशच वेतन त्यांना देऊ करण्यात आले. त्यांनी तीन वर्षे अध्यापन केले, पण वेतनास स्पर्श केला नाही. अखेर सरकारने नमते घेऊन मागील सर्व रक्कम पूर्ण दराने चुकती केली. या प्रसंगाचे वर्णन बहुधा स्वाभिमानाची कथा म्हणून केले जाते. आमच्या दृष्टीने त्यातील 'स्थानापन्न' हा शब्द अधिक महत्त्वाचा आहे. वर्णभेदाचे समर्थन करणे पुढे कठीण झाले; नेमणूक तात्पुरती ठेवून वेतन कमी देण्याची युक्ती मात्र टिकली.

प्रफुल्लचंद्र रे हे १८८७ मध्ये एडिंबरोचे डॉक्टर झाले आणि पुढील वर्षी स्वदेशी परतले. जवळजवळ वर्षभर त्यांना काम नव्हते. १८८९ मध्ये त्याच कॉलेजात त्यांची नेमणूक झाली ती दरमहा २५० रुपयांवर, आणि तीही हंगामी. आपल्या योग्यतेच्या मानाने हे वेतन अल्प असल्याची तक्रार त्यांनी शिक्षणखात्याच्या संचालकांकडे केली, तेव्हा हे पद पत्करण्याची सक्ती तुमच्यावर कोणी केलेली नाही, जीवनाचे इतर मार्ग मोकळे आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. हे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. ('हंगामी' हा फारसी 'हंगाम'वरून आलेला शब्द. आंब्याला आणि प्राध्यापकाला एकच विशेषण लावणारी भाषा क्रूर म्हणावी की यथार्थ, याचा निर्णय वाचकांनी करावा.)

१८८६-८७ मधील ॲचिसन आयोगाच्या शिफारशींनंतर सरकारी सेवांची नवी वर्गवारी झाली, आणि १८९६ मध्ये शिक्षणखात्यातही ती लागू करण्यात आली. इंग्लंडमध्ये भरती होणारी ती भारतीय शिक्षणसेवा, व येथे भरती होणारी ती प्रांतिक सेवा. नाव 'भारतीय', पण तीत प्रवेश मुख्यतः अभारतीयांचा, हा या परिभाषेचा विनोद आहे. वरकरणी हा भेद वर्णाचा नसून भरतीच्या स्थळाचा होता. एकच विषय, एकच प्रयोगशाळा, पण दोन सेवा. आणि खालच्या सेवेतील माणसाचे संशोधन कितीही श्रेष्ठ ठरले तरी त्यायोगे तो वरच्या सेवेत जाईलच असे नाही. १९२४ मध्ये ली आयोगानंतर भारतीय शिक्षणसेवेची भरती बंद झाली.

पदव्यवस्थेने घेतलेला सर्वांत बोलका बळी म्हणजे भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस. १८८० मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात श्रेणीबद्ध अधिकारी म्हणून दाखल झाले. त्या दर्जाचे ते पहिले भारतीय. नर्मदेच्या खालच्या खोऱ्याचे भूस्तरीय वर्णन करणारा त्यांचा प्रबंध १८८४ मध्ये खात्यानेच प्रसिद्ध केला. ज्या मेडलिकॉट यांच्या हाताखाली त्यांनी नोकरीस आरंभ केला, त्यांचे मत असे, की स्वतंत्र वैज्ञानिक कार्य करण्याची पात्रताच एतद्देशीयांच्या ठायी नाही. प्रबंध आणि मत ही दोन्ही एकाच कचेरीत सुखाने नांदत होती! पुढे १९०३ मध्ये खात्याचे प्रमुखपद रिक्त झाले, तेव्हा बोस यांना डावलून टॉमस हॉलंड यांची नेमणूक करण्यात आली. हॉलंड हे समर्थ भूशास्त्रज्ञ होते यात वाद नाही. पण ते १८९० मध्ये, बोस यांच्यामागून दहा वर्षांनी, खात्यात आलेले होते. बोस यांनी राजीनामा दिला.

यापुढील भाग भारतीय उद्योगाच्या इतिहासात येतो आणि तेथे तो आनंदाने सांगितला जातो. मयूरभंज संस्थानच्या चाकरीत असता बोस यांना गोरुमहिसाणीच्या डोंगरात लोहखनिजाचे विपुल साठे आढळले. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेदजी टाटांना पत्र लिहिले. आणि १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली. जमशेदजी ती पाहण्यास हयात नव्हते. एका अन्यायाचे फळ गोड निघाले, असा याचा अर्थ लावण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. एका खात्याने आपला तेवीस वर्षांच्या अनुभवाचा संशोधक गमावला, एवढेच या घटनेवरून निश्चित म्हणता येते. संस्थानाने आश्रय दिला नसता तर काय झाले असते, हा प्रश्न विचारल्यावाचून या कथेचा उपयोग करू नये.

चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या बाबतीत अडचण निराळ्या रूपाने आली. प्रकृतीच्या कारणास्तव इंग्लंडला जाण्यास वैद्यकीय अनुमती मिळाली नाही, आणि विज्ञानाच्या एम. ए.स साजेसे संशोधनाचे पद येथे नव्हते. सबब १९०७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी सरकारच्या अर्थखात्यात नोकरी पत्करली. कचेरीच्या आधी आणि नंतर ते बोबाजार रस्त्यावरील संस्थेत प्रयोग करीत. ही संस्था महेंद्रलाल सरकार यांनी लोकवर्गणीतून १८७६ मध्ये उभारलेली असल्यामुळे तेथे प्रयोग करण्यास पदाची आवश्यकता नव्हती. मध्यंतरी रंगून व नागपूर येथे त्यांच्या बदल्या झाल्या. १९१७ मध्ये आशुतोष मुखर्जी यांच्या निमंत्रणावरून कमी वेतन स्वीकारून ते कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले. या अध्यासनासाठी परदेशी प्रशिक्षणाची अट होती. रामन यांनी ती मानण्यास नकार दिला आणि विद्यापीठाने अट शिथिल केली. माणसासाठी नियम वाकविल्याचे हे उदाहरण विरळाच.

म्हणूनच पुढील प्रसंग अधिक खेदजनक वाटतो. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा अग्रक्रमाने उत्तीर्ण होऊन कमला भागवत यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञानसंस्थेत प्रवेश मागितला. त्यांचे वडील व चुलते याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. मराठी वाचकांना त्यांची अधिक जवळची ओळख म्हणजे त्या दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. संस्थेचे संचालक त्या वेळी रामन होते. विद्यार्थी स्त्री आहे, या एका कारणास्तव त्यांनी अर्ज नाकारला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. तेव्हा एक वर्ष परीक्षाधीन म्हणून, नियमित विद्यार्थ्याचा दर्जा न देता, आणि त्यांच्या उपस्थितीने इतरांचे चित्त विचलित होऊ नये अशा अटीवर, त्यांना प्रवेश मिळाला. ज्यांनी स्वतः एक अपमानकारक अट झुगारली होती, त्यांनीच दुसऱ्यास अशी अट घालावी, याची संगती चरित्रकारांनी लावावी. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले; वर्षअखेर संचालकांचे समाधान झाले आणि स्त्रियांना संस्थेचे दार उघडले. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या कमलाबाई, विवाहानंतरच्या कमला सोहोनी, पुढे दिल्ली, कुन्नूर व मुंबई येथे काम करीत राहिल्या. मुंबईच्या विज्ञानसंस्थेचे संचालकपद त्यांना मिळाले, पण तेही विलंबानेच.

रामन यांच्याच प्रयोगशाळेत १९४० नंतर ॲना मणी यांनी हिरे व माणके यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर संशोधन केले आणि प्रबंधही सादर केला. त्यांच्यापाशी एम. एस्सी.ची पदवी नव्हती, म्हणून मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. 'पदवी' या शब्दाचा मूळ अर्थ पाऊलवाट असा आहे. येथे मुक्काम गाठल्यावर वाटेचा दाखला मागण्यात आला.

स्वातंत्र्यानंतर वर्ण आणि भरतीचे स्थळ हे भेद गेले. प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. १९५० मध्ये पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. परंतु पद आधी व माणूस नंतर, ही चौकट पुष्कळ ठिकाणी जशीच्या तशी राहिली. होमी भाभा यांनी मुंबईत उलट मार्ग धरला : योग्य माणूस निवडावा, त्याच्याभोवती विभाग वाढू द्यावा, आणि वरची जागा रिकामी असो वा नसो, गुणावर बढती द्यावी. हा मार्ग सर्वत्र अनुसरला गेला नाही. मे १९७२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषिसंशोधन संस्थेतील एका शास्त्रज्ञाने आत्महत्या केली, आणि तेथील नेमणुका व बढत्यांविषयीचा असंतोष उघड झाला. सरकारने निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्यानंतर १९७३ मध्ये कृषिशास्त्रज्ञांसाठी स्वतंत्र निवडमंडळ आणि १९७५ मध्ये कृषिसंशोधन सेवा अस्तित्वात आली; तीत बढती रिक्त जागेवर अवलंबून राहिली नाही. प्रमथनाथांच्या राजीनाम्यानंतर बहात्तर वर्षांनी एका खात्यापुरता हा प्रश्न सुटला म्हणावयास हरकत नाही. अर्थात् तो बढतीचा प्रश्न होता.

प्रवेशाचा प्रश्न तसाच आहे. त्याचे प्रत्यंतर मराठीच्या नित्य वापरात मिळते. आपण 'जागा निघते' म्हणतो, 'जागा भरते' म्हणतो, 'जागा गोठली' असेही म्हणू लागलो आहोत. या क्रियापदांना कर्ता नाही. पाऊस पडतो तशी जागा निघते. दरम्यान महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकविणारा डॉक्टर तासांचा हिशेब ठेवतो आणि प्रयोगशाळेत जाण्यास त्याला तासच उरत नाही. १८८५ चा 'स्थानापन्न' आणि आजचा 'तासिका तत्त्वावरील' या दोन संज्ञांमधील अंतर कोशकारास फार वाटणार नाही. आमच्या विभागात संशोधन करणारे विद्यार्थी प्रबंधाच्या विषयाविषयी विचारण्यास येतात. विषयाची चर्चा संपल्यावर, उठता उठता, ते दुसरा प्रश्न विचारतात. तो असतो, सर, जागा कधी निघणार.