सगळे बंद असते तेव्हा : धान्य, जेवण आणि पैशांची मदत कुठे व कशी मागावी

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरातली टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली आणि आपल्या इंदूरात संचारबंदी लागली. गुढ्या उभ्या राहिल्या, पण श्रीखंडाला चक्का मिळाला नाही, इथपर्यंतची गोष्ट आता सगळे हसत सांगतात. पुढची फारसे कोणी सांगत नाही. मार्चच्या शेवटी काही दिवस तर किराणा आणि दूधसुद्धा बंद होते. मग नगर निगमच्या कचरागाडीबरोबर येणाऱ्या माणसाकडे सामानाची चिठ्ठी द्यायची आणि सामान घरपोच यायचे, अशी सोय झाली. ज्यांच्या हाती पैसे होते त्यांचे त्यावर निभावले.

ज्यांच्या हाती नव्हते त्यांच्यासाठी मंडळाच्या कार्यकर्त्यांना फोन येऊ लागले, तेही बहुधा दुसऱ्यांचे. "अमक्यांकडे जरा चौकशी करा, पण मी सांगितलं म्हणू नका." चैत्र-वैशाख हा मुंजी-लग्नांचा हंगाम. त्या हंगामाच्या कमाईवर वर्ष काढणारे गुरुजी, आचारी, वाढपी, मंगल कार्यालयातली माणसे एका दिवसात रिकामी झाली. वसतिगृहातली मुले गावी गेली आणि डबे देणाऱ्या काकूंची चूल फक्त घरापुरती उरली. गाण्याचे, तबल्याचे, गणिताचे क्लास बंद पडले. या घरांना दरमहा पगार नव्हता आणि गरिबांच्या कुठल्या यादीत नावही नव्हते. घर स्वतःचे, वागणे नीटनेटके, म्हणून शेजाऱ्यांनाही कळले नाही.

त्या धावपळीत आम्ही एक गोष्ट शिकलो. सरकारी मदत होती, पण ज्यांचे कागद आधीपासून तयार होते त्यांच्यापर्यंतच ती वेळेवर पोचली. टाळेबंदीत कागद करायला जावे, तर कार्यालयही बंद. म्हणून ही माहिती सगळे सुरळीत असताना देत आहोत.

धान्य

आपल्याकडे ज्याला आजही कंट्रोलचे दुकान म्हणतात, तिथे २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार पात्र कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ते मोफत आहे. २०२० मध्ये एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत याशिवाय माणशी ५ किलो जादा धान्य आणि कुटुंबामागे महिन्याला किलोभर डाळ किंवा चणा मिळाला. स्थलांतरित मजुरांपैकी ज्यांच्याकडे कुठलेच कार्ड नव्हते, त्यांच्यासाठी मे आणि जून असे दोन महिने धान्य देण्याची वेगळी सोय झाली. पण तोवर टाळेबंदीचे दोन महिने सरत आले होते.

मध्य प्रदेशात नुसते जुने राशनकार्ड पुरत नाही, पात्रता पर्ची लागते. आणि तिच्यासाठी समग्र आयडी लागतो : कुटुंबाचा आठ आकडी, प्रत्येक सदस्याचा नऊ आकडी. ज्यांनी "आपल्याला काय गरज" म्हणून तो काढलाच नाही, त्यांनी एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर किंवा आपल्या झोन कार्यालयात जाऊन आधी तो काढावा. देवास, धार किंवा महूहून इंदूरला राहायला आलेल्यांनी तो इथल्या वॉर्डात बदलून घ्यावा. लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव काढणे आणि आलेल्या सुनेचे घालणे हेही राहून जाते. पात्र कुटुंबांनी प्रत्येक सदस्याची ई-केवायसी झाली आहे ना, हे दुकानदाराकडे विचारावे. आजीच्या अंगठ्याचे ठसे मशीन घेत नाही ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरची आहे. त्यासाठी आधार केंद्रावर ठसे आणि डोळ्यांची नोंद ताजी करून घ्यावी लागते. हे काम टाळेबंदीत होत नाही.

महाराष्ट्रातले अन्न सुरक्षेचे कार्ड असेल तर 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत धान्य इंदूरच्या दुकानातही घेता येते. पुण्या-नागपूरहून इथे कामाला आलेल्या कितीतरी जणांना हे माहीत नसते.

नावाचा घोळ

हा आपल्या समाजाचा खास प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर. आपल्या आया-मावश्यांची लग्नात नावे बदलली. माहेरची कुसुम सासरी वैशाली झाली. शाळेचा दाखला एका नावाचा, आधार दुसऱ्या नावाचे, बँकेचे पासबुक तिसऱ्याच, कारण तिथे कोणी 'सौ.'सुद्धा नावात धरले. त्यात हिंदीत 'ळ' नाही. काळे यांचे काले होतात, पळशीकरांचे पलसीकर (कॉलनीच्या पाटीवरही तेच आहे), आणि रोमन लिपीत आणखी वेगळे काही. वडिलांचे नाव एका कागदावर मधे असते, दुसऱ्यावर नसते. माणसाला यात काही वावगे वाटत नाही, पण संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी माणसे. टाळेबंदीत भविष्यनिर्वाह निधीचे स्वतःचेच पैसे मागणाऱ्या आपल्या एका सभासदाचा अर्ज केवळ अशा फरकामुळे दोनदा परत आला. आधार, समग्र, बँक आणि पीएफ या चार ठिकाणी नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर एकच करून घ्या. बाकी कुठले काम नाही केले तरी एवढे कराच.

पैसे

२०२० मध्ये जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने ५०० रुपये मिळाले. सरकारी पेन्शन घेणाऱ्या गरीब वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांना दोन हप्त्यांत १००० रुपये. आपल्या बहुतेक भगिनींची खाती होती, पण साधी बचत खाती, जनधन नव्हेत, म्हणून त्यांना काही आले नाही. आता बहुतेक सरकारी रकमा, लाडली बहनाची धरून, डीबीटीने येतात. इथे एक बारकावा आहे : बँकेत आधार 'दिलेले' असणे वेगळे आणि डीबीटीसाठी खाते आधारशी 'जोडलेले' असणे वेगळे. दोनतीन खाती असली तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते कुठले हे घरात कोणालाच आठवत नाही. बँकेत जाऊन विचारा.

कर्जाच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने मार्चपासून ३१ ऑगस्टपर्यंत सवलत दिली होती. ती माफी नव्हती. व्याज चालूच राहिले आणि अनेकांची मुदत वाढली. पुन्हा कधी अशी सवलत निघाली तर हप्ता भरणे अगदीच अशक्य असेल तेव्हाच घ्यावी, असे आमचे मत आहे. सोने गहाण टाकायची वेळ आलीच, तर ओळखीच्या सावकारापेक्षा बँक बरी. निदान व्याजाचा दर कागदावर असतो.

पथारीवर, गाडीवर धंदा करणाऱ्यांसाठी १ जून २०२० पासून पीएम स्वनिधी योजना आली. तेव्हा पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते, आता ते १५,००० आहे. घरगुती डबेवाल्या काकू त्यात सहसा बसत नाहीत. असंघटित कामगारांसाठी राज्याची संबल योजना आहे. तिच्यात कमावत्या माणसाच्या नैसर्गिक मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख आणि अपघाती मृत्यूनंतर ४ लाख रुपये मिळतात. मात्र नोंदणी आधीची हवी. आयकर भरणारे त्यात येत नाहीत, पण आपले आचारी आणि वाढपी येऊ शकतात. ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. घर बसते ते बहुतेकदा दवाखान्याच्या बिलाने, म्हणून हे कार्ड आजी-आजोबांसाठी आजच करा.

तयार जेवण आणि तक्रार

राजवाड्याजवळच्या इमली साहिब गुरुद्वारात लंगर असतो, तिथे कोणी जात-धर्म विचारत नाही. खजराना गणेश मंदिराचे अन्नक्षेत्र आहे. दीनदयाल रसोईत ५ रुपयांत थाळी मिळते. जवळचे केंद्र झोन कार्यालयात कळेल. एरवी हे सगळे चालू असते, पण संचारबंदीत पोचणे अवघड. तेव्हा फोनच कामी येतो : मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१, राशनसाठी १९६७, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी १४५६७. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. एरवी दर मंगळवारी मोती तबेल्यावरच्या कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते. अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घ्यावी.

मुले अमेरिकेत असतील तर

तिथली टाळेबंदी निराळी. बाजार उघडे असतात, सरकारी खर्च थांबतो. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस तसे झाले आणि नोव्हेंबरची सरकारी अन्नमदत अडकली. आपली विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावरची मुले त्या मदतीला मुळातच पात्र नसतात. पण विद्यापीठांतल्या आणि वस्तीतल्या फूड पँट्रीत बहुधा व्हिसा विचारत नाहीत, आणि २११ या क्रमांकावर जवळची पँट्री कळते. फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्या मुलाला हे एकदा सांगून ठेवा.

मंडळाकडे मागताना

२०२०च्या एप्रिलमध्ये एका ठिकाणी किराण्याची पिशवी देताना फोटो काढला गेला. काकूंनी पिशवी घेतली, दार लावले आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत पाठवली. घरात तेव्हा दोन दिवसांचेच पीठ होते, हे आम्हाला नंतर समजले. तेव्हापासून मंडळाचा नियम आहे : फोटो नाही, यादी लागत नाही, नाव बैठकीत घेतले जात नाही. नाव फक्त दोन पदाधिकाऱ्यांना माहीत असते. शक्य तिथे आम्ही पिशवी देत नाही, ओळखीच्या किराणा दुकानात खाते उघडून देतो, म्हणजे माणूस आपल्याला हवे ते, शेंगदाणे आणि कोकमसुद्धा, स्वतः निवडून आणतो. परत करायचे असतील तर सवडीने, व्याज नाही.

ज्यांना कागदांसाठी सोबत हवी त्यांनी कार्यालयात यावे. येताना आधार, समग्र आयडी, पासबुक, विजेचे बिल आणि आधारशी जोडलेला मोबाइल आणावा. ओटीपी त्याच मोबाइलवर येतो आणि तो हमखास मुलाकडे पुण्याला असतो.